नाक खरं की माणसाचं बोट?



आमच्या सोलापूरच्या नव्या पेठेत काय किंवा तुमच्या गावच्या पारावर काय, कोणत्या दाराशी भाकरीचा तुकडा मिळतो आणि कोणत्या दाराशी काठी, हे कुत्र्याला पक्कं ठाऊक असतं. हे त्याला शिकवलं कुणी? त्या तुकड्यानं आणि त्या काठीनंच. जे केल्यावर लगेच खायला मिळतं, ते कुत्रं पुन्हा करतं. ज्यातून काही हाती लागत नाही, ते हळूहळू सोडतं. मात्र अधूनमधून घास मिळत राहिला, तर सवय अधिकच चिवट होते.

खाणं शोधताना कुत्र्याला दोन वाटाडे असतात. एक त्याचं नाक, दुसरा माणूस. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील डॉ. अनिंदिता भद्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी भटक्या कुत्र्यांपुढे भांडी ठेवली, एकाकडे बोट दाखवलं आणि कुत्री कुठं जातात ते पाहिलं. २०१७ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. लहान पिलं बोटामागे चटकन गेली. मोठ्या कुत्र्यांनी मात्र हा माणूस भरवशाचा आहे की नाही, हे अनुभवानं जोखून आपली चाल ठरवली.

मुंबई पोलिसांच्या जंजीर या कुत्र्यानं १९९३ च्या बाँबस्फोटांच्या वेळी तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढलं. अशा कुत्र्याला वास सापडताच तिथल्या तिथं बक्षीस देतात. पण सरावाच्या वेळी वस्तू कुठं लपवली आहे, हे सांभाळणाऱ्यालाही माहीत नसलेलं बरं. नाहीतर कुत्रं नाकाऐवजी त्याचा चेहराच वाचू लागतं!

आता आपल्या कामाची गोष्ट. पिसाळी रोगाची लस टोचायची, तर कुत्रं हाताशी यायला हवं. रिकामी मूठ दाखवून ‘यू, यू’ केलं, तर ते एकदा येईल. पुढल्या खेपेस लांबूनच बघेल. म्हणून मुठीत नेहमी खरोखरीचा घास असू द्या, आणि आल्याबरोबर द्या.

गुरुजनहो, पाळीव कुत्रं आणि दोन वाट्या घेऊन हा प्रयोग मुलांना जरूर दाखवा. बोट खरं दाखवलं की विश्वास कसा वाढतो, हे मुलांना पुस्तकाविना समजेल. आणि ते कुत्र्यापुरतंच नाही, हेही.