छप्पर आणि आधार : दिव्यांग व्यक्तीचा भाडेकरार समजून घेताना

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



ज्या घरात दिव्यांग मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरातील आई-वडिलांच्या मनात एक प्रश्न कायम असतो : "आपल्यामागे याचे कसे होणार?" मूल लहान असते तोवर शाळा, औषधोपचार आणि प्रमाणपत्रे यांत दिवस निघून जातात. मूल पस्तिशीचे आणि आई-वडील सत्तरीचे झाले, की मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

या प्रश्नाला समाजात परंपरेने दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर म्हणजे भाऊ-भावजयीचे घर आणि दुसरे म्हणजे एखादी निवासी संस्था. दोन्ही उत्तरांमागे माणुसकी आहे, यात शंका नाही. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. त्या व्यक्तीने कोठे आणि कोणाबरोबर राहावे, याचा निर्णय दुसरेच कोणी घेते. तिसरे उत्तर अलीकडच्या काळात पुढे आले आहे. ते म्हणजे नेहमीच्या वस्तीतील साधे भाड्याचे घर आणि त्या घरात गरजेपुरते साहाय्य. यालाच साहाय्यित निवास म्हणतात.

ही कल्पना केवळ परदेशातील नाही. चेन्नईच्या 'द बॅनियन' या १९९३ साली स्थापन झालेल्या संस्थेने 'होम अगेन' हा उपक्रम उभा केला. दीर्घकाळ मानसिक आजाराशी झुंजलेल्या चार-पाच व्यक्ती सामान्य वस्तीतील भाड्याच्या घरात एकत्र राहतात. त्या स्वयंपाक करतात, बाजारहाट करतात आणि शेजार जोडतात. सोबतीला प्रशिक्षित साहाय्यक असतात. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी रत्नागिरीत हा उपक्रम पोहोचला आहे. ज्यांना परत नेण्यास कोणी आले नाही, अशांनाही रुग्णालयाबाहेर स्वतःचे दार आणि स्वतःची चूल मिळू शकते, हे त्यातून दिसून आले.

कायद्याचा पायाही भक्कम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्याला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ५ नुसार दिव्यांग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क आहे आणि एखाद्या ठरावीक निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम १९ आणखी स्पष्ट आहे. कुटुंब नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणास्तव कोणासही मानसिक आरोग्य संस्थेत ठेवून घेता येत नाही.

भाडेकरू, परवानाधारक की निवासी?

हक्क कायद्यात असला तरी घराचा ताबा कागदावर ठरतो. म्हणून पहिला प्रश्न असा, की ती व्यक्ती त्या घरात कोणत्या नात्याने राहते?

मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता. ३१ मार्च २००० पासून संपूर्ण राज्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकच कायदा आला. या कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू आणि परवानाधारक यांच्यात मोठे अंतर आहे. भाडेकरूस संरक्षण आहे. तो भाडे देत असेल आणि अटी पाळत असेल, तर कलम १६ मध्ये सांगितलेल्या कारणांवाचून त्यास घराबाहेर काढता येत नाही. भाडे थकले तरी मालकास आधी नव्वद दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. याउलट 'लिव्ह अँड लायसन्स' करारात मुदत संपली की घर सोडावे लागते. न सोडल्यास कलम २४ नुसार शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्यापुढे थोडक्यात सुनावणी होऊन ताबाही जातो.

तिसरा प्रकार संस्थेतील निवाशाचा. त्याच्या हाती प्रवेश-अर्जाची प्रत असते, घराचा करार नसतो. संस्थेचे धोरण बदलले, की त्याचा पलंगही हलतो.

आज शहरात, मग ते सिडको असो वा गारखेडा, मिळणारे बहुतेक घर 'लिव्ह अँड लायसन्स'वरच मिळते. ज्या व्यक्तीला नवी जागा, नवा जिना आणि नवे शेजारी अंगवळणी पडण्यास वर्ष लागते, तिच्यासाठी दर अकरा महिन्यांनी घर बदलणे ही साधी गैरसोय नसते. तिने कष्टाने मिळवलेले स्वावलंबन त्यात पुन्हा हातचे जाते. म्हणून करार तीन किंवा पाच वर्षांचा करावा, शुल्कवाढ आधीच ठरवावी आणि नूतनीकरणाची अट लिहून घ्यावी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' असे सर्रास म्हटले जाते. नोंदणी अधिनियमात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने ही रूढी पडली. परंतु महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक आहे. ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नसेल, तर अटींबाबत वाद झाल्यास विरुद्ध पुरावा येईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोंदणी कार्यालयाचा जिना चढणे शक्य नसलेल्या व्यक्तीसाठीही सोय आहे. शारीरिक दुर्बलतेमुळे कार्यालयात येणे ज्यास जोखमीचे किंवा फार त्रासाचे आहे, त्याच्या घरी जाऊन जबाब घेण्याची तरतूद नोंदणी अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये १९०८ पासून आहे.

सही कोणाची?

घर ज्याच्यासाठी आहे, त्याच्याच नावे करार असावा, हा मूळ नियम. अंध, कर्णबधिर किंवा चालता न येणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तर शंकेलाही जागा नाही. प्रश्न निर्माण होतो तो बौद्धिक दिव्यांगता किंवा मानसिक आजार असताना.

भारतीय करार अधिनियम, १८७२ ची कसोटी सोपी आहे. करार करतेवेळी त्या व्यक्तीस त्याचा अर्थ समजतो काय आणि आपल्या हितावर होणाऱ्या परिणामाचा विचार करता येतो काय? प्रमाणपत्रावरील टक्केवारी ही कसोटी नव्हे. महिन्याला किती रुपये द्यायचे, घरात काय करू नये, घर केव्हा सोडावे लागेल आणि अडचण आल्यास कोणास सांगावे, या चार गोष्टी सोप्या भाषेत आणि गरज असल्यास चित्रांच्या साहाय्याने सांगितल्या, तर अनेकांना त्या समजतात. दोन-तीन वेळा शांतपणे समजावून सांगण्याची तसदी मात्र घ्यावी लागते.

ज्यांना तेवढेही कळणे शक्य नसते, त्यांच्यासाठी पालकत्वाचा मार्ग आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांत स्थावर मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब समितीस द्यावयाचा असतो. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, ही गोष्ट अनेक सुशिक्षित कुटुंबांनाही ठाऊक नसते. २०१६ च्या अधिनियमातील मर्यादित पालकत्व तर विशिष्ट निर्णयापुरते आणि विशिष्ट काळापुरतेच असते. त्यातही त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून तिच्या इच्छेप्रमाणे निर्णय घ्यावा लागतो.

घर एकाचे, साहाय्य दुसऱ्याचे

या विषयातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र असे, की घराचा करार आणि साहाय्याचा करार वेगवेगळे असावेत. इंग्लंडमध्ये साहाय्यित निवासाची मांडणी झाली, ती याच तत्त्वावर. घर गृहसंस्थेकडून भाड्याने आणि साहाय्य दुसऱ्या संस्थेकडून.

समजा, घरही साहाय्य देणाऱ्या संस्थेचेच आहे. मदतनीस ओरडून बोलतो किंवा औषधे वेळेवर देत नाही. तक्रार करावी, तर राहते घर जाण्याची भीती. अशा वेळी माणूस गप्प बसतो. करार वेगळे असतील, तर मदतनीस बदलता येतो आणि घर तेच राहते. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १३ नेही हे ओळखले आहे. साहाय्य देणाऱ्याने गैरवाजवी प्रभाव टाकू नये, आर्थिक व्यवहारात हितसंबंधांचा संघर्ष असल्यास त्या व्यवहारापुरते बाजूला व्हावे, असे ते सांगते. साहाय्याची व्यवस्था बदलण्याचा किंवा मोडण्याचा हक्कही ते त्या व्यक्तीस देते. म्हणून मदतनिसास किंवा संस्थाचालकास घरमालक करू नये. दाराची एक किल्ली त्या व्यक्तीच्या स्वतःच्या हाती असावी. जेथे संस्था स्वतः काळजी आणि पुनर्वसनाचे केंद्र चालवते, तेथे तिने त्याच अधिनियमाखाली नोंदणी केली आहे की नाही, हे आधी पाहावे.

उतार, कठडा आणि उद्वाहक

चाकाच्या खुर्चीसाठी उंबऱ्यावर उतार हवा असतो आणि न्हाणीघरात धरायला कठडा. भाडे नियंत्रण अधिनियमात मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम करणे हे घर खाली करून घेण्याचे एक कारण आहे. लाकडी विभाजन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी वगैरे कामे त्यातून वगळली आहेत, परंतु त्या यादीत उतार नाही. म्हणून असे बदल करारातच लिहून घ्यावेत. कोण करणार, खर्च कोणाचा, घर सोडताना ते काढायचे की ठेवायचे, हे सर्व आधी ठरले म्हणजे पुढे कटुता येत नाही. मालकाने पाणी, वीज आणि उद्वाहक बंद करू नये, असे कलम २९ सांगते. तिसऱ्या मजल्यावर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसासाठी हे कलम म्हणजे घराबाहेर पडण्याची वाट आहे.

राजाबाजार, सराफा, गुलमंडी या जुन्या भागात जुन्या भाडेकरूंची कुटुंबे आजही आहेत. त्यांनी एक तरतूद विसरू नये. भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहत असलेला कुटुंबीय निवासी जागेचा भाडेकरू होऊ शकतो. वडिलांसोबत त्याच घरात राहणारी दिव्यांग मुलगीही त्यात येते. तिचे तेथील वास्तव्य शिधापत्रिका, आधार आणि मतदार यादीत दिसत असावे. वडिलांच्या हयातीतच हे कागद नीट करून ठेवावेत. परवानाधारकाच्या वारसांना मात्र हे संरक्षण नाही.

विश्वस्त संस्थांनी काय करावे?

धर्मादाय संस्थांकडे जागा असतात. काहींच्या खोल्या वर्षभर रिकाम्या असतात आणि काही दुकानांना भाड्याने दिलेल्या असतात. त्यांतील तळमजल्याची एक जागा दोन-तीन दिव्यांग प्रौढांच्या निवासासाठी रास्त भाड्याने देणे हे सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या धर्मादाय हेतूत बसू शकते. त्यासाठी आधी आपल्या न्यासपत्रातील उद्दिष्टे पाहावीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ नुसार इमारतीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून वैध ठरत नाही. धर्मादाय सहआयुक्तांचे कार्यालय याच शहरात असल्याने परवानगीच्या अर्जासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

अशी जागा देताना दान आणि करार यांत गल्लत होऊ नये. भाडे थोडे असले तरी ते घ्यावे, त्याची पावती द्यावी आणि करार नोंदवावा. कृपेने मिळालेली खोली विश्वस्त मंडळ बदलले की जाऊ शकते. कराराने मिळालेली खोली त्याच्या मुदतीत तशी जात नाही. शिवाय ज्याच्या हाती पावती आहे, तो मिंधा राहत नाही.

सहनिवासाच्या इमारतींमध्येही कुटुंबांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. 'फक्त कुटुंबालाच घर' अशी पाटी लावताना जिन्यात भेटणारा तो शांत तरुण नजरेसमोर आणावा. आज तो कोणा शेजाऱ्याचा मुलगा आहे. उद्या तो एकटा उरेल आणि घर शोधत दारात येईल. त्या दिवशी त्याला काय उत्तर द्यायचे, हे प्रत्येक घराने आजच ठरवून ठेवावे.

प्रत्येक कुटुंबाने यंदा तीन गोष्टी कराव्यात. अपत्य अठरा वर्षांचे झाले असेल आणि त्याला गरज असेल, तर पालकत्वाचा अर्ज करावा. राहत्या घराचे कागद तपासून घ्यावेत. आणि सर्वांत आधी त्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून विचारावे : "तुला कोठे राहायला आवडेल? कोणाबरोबर?" हा प्रश्न अनेकांना आयुष्यात कधीच कोणी विचारलेला नसतो. उत्तर शब्दांत येईल, खुणेने येईल किंवा नुसत्या हसण्यातून येईल. करार त्या उत्तरानंतर लिहावा.