आधी उभे राहणे, मग मारणे



१८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोलीत फुटबॉल रुजवला, असे मानले जाते. त्या गोमंतकात आजही पुष्कळदा मुलाला ‘जोरात मार’ एवढेच सांगितले जाते. मूल अंग आवळते आणि चेंडू गोलावरून आकाशात जातो.

वस्तुतः ४१० ते ४५० ग्रॅम वजनाच्या त्या चेंडूला केवळ मांडीच्या बळाने वेग येत नाही. टेकवलेला पाय चेंडूच्या शेजारी स्थिर हवा, मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट, गुडघा चेंडूवर आणि छाती किंचित पुढे झुकलेली हवी. कमरेतून निघालेली गती चेंडूला भेटल्यावरही पुढे वाहत राहिली पाहिजे. म्हणून प्रथम सावकाश, अचूक मारणे शिकवावे. जोर मागाहून वाढवावा. लहानग्यांना चेंडूही लहानच द्यावा.

आज्ञा देणे म्हणजे शिकवणे नव्हे, हे आम्हा वर्गातल्या शिक्षकांनाही तितकेच लागू आहे.