घोडा दूध किती देतो?



दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो, हे तुम्हाला सांगायला नको. तिथं गिऱ्हाईक दात बघतं, चाल बघतं, खोड विचारतं. पण हा वखराला चालेल का, दूध किती देतो, असं कुणी विचारत नाही. मोबाइल घेताना मात्र आपण नेमकं तेच विचारतो. बॅटरी आहे का? रेडिओ आहे का? गजर, कॅमेरा, हिशेब? दुकानदार सगळ्याला हो म्हणतो आणि आपण खूश!

फोन वाईट, असं मी म्हणत नाही. तशी पत्रं कृपा करून पाठवू नका. म्हणणं एवढंच, की अडीनडीचं काम त्या एकट्यावर टाकू नका. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर पावसाळ्यात वीज गेली, की कधी येईल याचा नेम नाही. संध्याकाळी पोरं फोनवर गाणी बघतात. रात्री त्याच्याच उजेडात गोठ्यात चक्कर होते. पहाटे सुनेला कळा सुरू झाल्या, की रुग्णवाहिकेच्या 108 ला लावायलाही तोच हवा, आणि तेव्हा तो बंद पडलेला. खुंटीला साधी हातबॅटरी असती, तर तेवढं चार्जिंग उरलं असतं ना? दिवसभर वरातीत नाचवलेल्या घोड्यावर बसून रात्री तोरणमाळचा घाट चढायचा म्हटलं, तर तो बसकण मारणारच. त्यात घोड्याचा काय दोष!

आता एकाच कामाची वस्तू कशी असते, ते अंगणवाडीतल्या दंडघेराच्या पट्टीत बघा. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल. डावा हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी गुंडाळायची. आवळायची नाही, ढिलीही ठेवायची नाही. 11.5 सेंटिमीटरच्या आत आली तर लाल, म्हणजे मूल सॅममध्ये, अतितीव्र कुपोषित, लगेच दवाखाना. 12.5 पर्यंत पिवळं, पुढं हिरवं. चार्जिंग नको, रेंज नको, अक्षरओळखही नको. शिकवलं तर आई घरी मोजू शकते. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन तापतो, अडकतो, अ‍ॅप इंग्रजीत, अशा तक्रारी होत्या. पट्टी कुणी परत केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

नोंदी वर पोचवायला फोन हवाच, फोटो पाठवायलाही हवा. पण पुन्हा सांगतो, कारण मधेच कुणी चहाला उठलं असेल: ज्यावाचून जीव अडेल, ते काम वेगळ्या वस्तूकडे असू द्या. उजेडाला बॅटरी. बातम्यांना सेलवरचा ट्रान्झिस्टर. फोनमधल्या एफएमला बहुधा इअरफोनची वायरच अँटेना म्हणून लागते, आणि ती वायर पोरांच्या हातात किती दिवस टिकते ते तुम्हीच सांगा.

अंगणवाडीतल्या वजनकाट्याचं राहिलंच. टांगता काटा असेल तर आधी रिकामी झोळी अडकवायची, काटा शून्यावर आणायचा, मग मूल बसवायचं. उलट केलं, तर झोळीचं वजन मुलाच्या नावावर चढतं, आणि अशक्त मूल कागदावर धडधाकट दिसतं. यावर बरंच... निवेदकबाई घड्याळ दाखवतायत. बरं, बॅटरीचे सेल पावसाळ्याआधी बदलून घ्या.