पुरेशी चांगली आई



आईविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं आपल्याकडे बोलणाराचा आवाज आपोआप मृदु होतो. बोलणारा बहुधा मुलाच्या नात्यानें बोलत असतो, आणि त्याच्या डोळ्यांपुढची आई वीस-तीस वर्षांपूर्वींची, स्मृतीनें धुऊन स्वच्छ केलेली अशी असते. आज मला जिच्याविषयीं बोलावयाचें आहे ती आई अजून कोणाच्या स्मृतींत गेलेली नाहीं. ती स्वयंपाकघरांत उभी आहे, आणि तिचीं मुलें लहान आहेत.

तिच्या हातांत अर्धा भरलेला डबा आहे. थोरल्याची शाळेची बस दहा मिनिटांत यावयाची असून त्याला एकच मोजा सांपडला आहे. धाकटीनें फ्रॉकचें बटण आपलें आपणच लावण्याचा पण केला आहे. बटण कांहीं लागत नाहीं. आईनें मदतीस हात पुढें केला तर आकांत. न केला तरीही आकांत! तेवढ्यांत दुधाचा पेला लवंडतो, आणि आई ओरडते. बस निघून गेल्यावर घर शांत होतें, आणि त्या शांततेंत तिला आपलाच आवाज पुन्हां ऐकूं येऊं लागतो. सांडलेलें दूध फडक्यानें पुसतां येतें. तो आवाज मात्र दिवसभर पुसला जात नाहीं. ‘मी चांगली आई नाहीं’ हा निवाडा ती स्वतःवर देऊन मोकळी होते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोच खटला पुन्हां उभा राहतो.

या खटल्यांत मुलाची बाजू प्रथम पाहूं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला इच्छा पुष्कळ असतात, शब्द थोडे असतात, आणि बोटांना अजून कौशल्य आलेलें नसतें. मेंदूच्या ज्या पुढल्या भागाच्या योगानें माणूस आपल्या आवेगाला लगाम घालतो, त्या भागाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, असें शास्त्रज्ञ सांगतात. ज्याला आपण हट्ट म्हणतों तो पुष्कळदां मुलाचा अडलेला शब्द असतो. म्हणजे ज्या वयांत मुलाला संयम शक्यच नाहीं, नेमक्या त्याच वयांत दोघांच्या वांट्याचा संयम एकट्या आईनें पुरवावयाचा असतो. तो एखादे वेळीं संपला तर त्यांत नवल तें काय?

आतां आदर्शाकडे वळूं. मराठी घरांत आईच्या आदर्शाचें नांव निघालें कीं ‘श्यामची आई’ आठवते. साने गुरुजींनीं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगांत हें पुस्तक लिहिलें आणि १९३५ साली तें प्रसिद्ध झालें. आपण त्यांतली माया लक्षांत ठेवली आणि बाकीचें विसरून गेलों. पोहावयास जाण्याच्या भीतीनें लपून बसलेल्या श्यामला हीच आई बाहेर ओढून काढते, मारते आणि विहिरीवर धाडते. मागाहून मात्र आपण असें कां केलें हें त्याला समजावून सांगते. त्या मारण्याचें समर्थन आज आपण करणार नाहीं. परंतु ज्या आईची मूर्ति आपण देव्हाऱ्यांत बसविली तिलाही राग येत होता, आणि रागानंतर ती मुलाकडे परत येत होती, एवढें तरी आपण वाचावयास हवें होतें.

हा विषय रेडिओवर पूर्वींही आलेला आहे. डोनाल्ड विनिकॉट हे लंडनमधील एका रुग्णालयांत चाळीस वर्षें लहान मुलांना तपासणारे डॉक्टर. त्यांना स्वतःचें मूल नव्हतें. पण हजारों आया त्यांनीं पाहिल्या होत्या. १९४९ साली त्यांनीं बी. बी. सी. वरून सामान्य आया आणि त्यांचीं तान्हीं मुलें या विषयावर एक भाषणमाला दिली. आपण आयांना ‘असें करा, तसें करा’ हें सांगण्यास आलेलों नाहीं, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षीं छापलेल्या एका लेखांत, आईला आपल्याच तान्ह्याचा तिटकारा वाटावा अशीं अठरा कारणें त्यांनीं मांडलीं! तो तिटकारा मनांत ओळखून त्याचा डंख मुलाला लागूं न देणें, हें आईचें खरें सामर्थ्य, असें त्यांचें म्हणणें.

१९५३ साली त्यांनीं ‘पुरेशी चांगली आई’ हा शब्दप्रयोग केला. तो कमीपणाचा नाहीं, हें त्यांचा विचार पाहिला म्हणजे कळतें. जन्मतःच्या असहाय बाळाची गरज आई जवळजवळ संपूर्णपणें भागविते. पुढें मूल जसजसें वाढतें तसतशी ती थोडी थोडी उणी पडूं लागते: हांकेला उशिरा येते, कधीं नाहीं म्हणते. या लहान लहान उणिवांतूनच मुलाला कळूं लागतें कीं जग म्हणजे आपली इच्छा नव्हे, आणि थोडी वाट पाहिली म्हणून आपण बुडत नाहीं. आई कधींच चुकली नाहीं तर हा धडा मूल कोठें शिकेल?

पुढें १९७८ साली अमेरिकेंतील एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाळाशीं खेळणाऱ्या आईनें कांहीं मिनिटें चेहरा निर्विकार ठेवावयाचा. बाळ हंसून, हात पुढें करून तिला परत बोलाविण्याचा प्रयत्न करतें आणि अखेर हिरमुसून तोंड फिरवितें. म्हणजे आईचें दूर जाणें मुलाला निश्चित जाणवतें. पण याच संशोधकांना पुढें असेंही दिसलें कीं निरोगी मायलेंकरांचे सूर एरव्हींसुद्धां वेळेच्या सुमारें एक तृतीयांशच जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकण्यांत आणि पुन्हां जुळविण्यांत जातो. मुलाचा विश्वास या जुळविण्यांतून बळावतो.

म्हणून, भगिनींनो, ओरडणें झाल्यावर दिवसभर स्वतःला शिक्षा करीत बसण्यापेक्षां मुलाजवळ जाऊन बसावें. “मी जोरानें ओरडले, तूं घाबरलास ना? मला राग आला होता, आतां तो गेला,” एवढीं वाक्यें तीन वर्षांच्या मुलालाही समजतात. मात्र अपूर्णता ही सबब होऊं नये. मारणें, चारचौघांत लाज काढणें, दिवसेंदिवस अबोला धरणें या ‘लहान उणिवा’ नव्हेत. आणि खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोंप उडाली, मुलाला कांहीं इजा होईल असे विचार येऊं लागले, तर तो स्वभावदोष न समजतां डॉक्टरांकडे जावें. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

घरांतील पुरुषांनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. २०१७ च्या कायद्यानें नोकरी करणाऱ्या आईला पहिल्या दोन अपत्यांच्या वेळीं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळूं लागली. परंतु ती रजा संपते तेव्हां मूल जेमतेम सहा महिन्यांचें असतें, आणि बटणाचा तो हट्ट त्यानंतर दोन वर्षांनीं सुरू होतो. पूर्वीं वाड्यांत आजी असे, आत्या असे. एकीचा संयम संपला कीं दुसरी मूल उचलून घेई. आज दोन खोल्यांच्या घरांत ती दुसरी व्यक्ति बहुधा बापच असूं शकतो. ताराबाई मोडकांनीं १९४५ साली बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम सुरू केलें आणि पुढें शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. १९७५ पासून देशभर निघालेल्या बालकेंद्रांना ‘अंगणवाडी’ हेंच नांव मिळालें. लहान मूल वाढविण्यास एक स्वयंपाकघर पुरत नाहीं, अंगण लागतें, हा अर्थ त्या नांवांतच आहे.

तेव्हां उद्यां सकाळीं दूध सांडेल तेव्हां एकानें फडकें घ्यावें आणि दुसऱ्यानें मूल. आईवर निवाडा देण्याचें काम मात्र कोणीच घेऊं नये; तिनें स्वतः तर मुळींच नाहीं.