खिंडीत थांबणारे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



युवक विभागातर्फे आम्ही आपल्या मुलामुलींना पन्हाळगड ते पावनखिंड पायी घेऊन गेलो, त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. एक कबुली आरंभीच देतो. मुलांना इतिहास शिकवावा म्हणून आम्ही निघालो होतो. परतताना अधिक शिकलेले आम्हीच होतो.

पूर्वजांची खडतर वाट नव्या पिढीने पायांनी अनुभवावी, ही कल्पना केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे काही तांडे १८५६ पासून हातगाड्या ओढीत युटाकडे गेले. पहिल्याच वर्षी त्यांतील दोन तांडे हिमवर्षावात सापडून दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्या पंथाची किशोरवयीन मुले आजही तशा गाड्या ओढीत मजला मारतात. आपल्याकडे पावसाळ्यात हजारो तरुण पन्हाळ्याहून निघतात, त्यामागील ओढ तीच.

प्रसंग आपणांस ठाऊकच आहे. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्यास वेढा पडला होता. १२ जुलैच्या रात्री, भर पावसात, शिवाजी महाराज सुमारे सहाशे मावळ्यांनिशी गडाबाहेर पडले. दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष घेऊन शिवा काशीद बसला आणि प्राणांस मुकला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे निम्म्या लोकांनिशी थांबले, आणि महाराज विशाळगडी पोचेपर्यंत त्यांनी खिंड लढविली. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती त्यांच्या रक्ताने.

आमच्याबरोबर २६ मुले होती. शाळेत इंग्रजी, मैदानावर कन्नड आणि मराठी स्वयंपाकघरापुरती, अशी त्यांची भाषेची वाटणी. बसमध्ये एकाने सरळ विचारले, “काका, यात आमचं काय?” आम्ही तत्परतेने सांगितले की, १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूर घेतले, ते शहाजीराजांना जहागीर मिळाले, आणि राजांची समाधीही कर्नाटकातच, होदिगेरे येथे आहे. उत्तर खरे होते. पण मुलाच्या चेहऱ्यावरून ते त्याच्यापर्यंत पोचलेले दिसले नाही.

राजदिंडीतून उतरून आम्ही मसाई पठारावर आलो, तो धुक्याने पुढचा माणूस दिसेना. पुढे वाड्यावस्त्या, ओढे, आणि इरली पांघरून भाताची लावणी करणाऱ्या बाया. मावळ्यांनी एका रात्रीत आणि दिवसात तोडलेली वाट आम्ही दोन दिवसांत चालत होतो, आणि तीही पोटभर पोहे खाऊन! तरी पाय बोलू लागलेच.

दुसऱ्या दिवशी आमच्या हातून चूक घडली. दुपारी चारच्या आत खिंड गाठायची असा आमचा हट्ट होता. चौदा वर्षांचा एक मुलगा सारखा मागे पडत होता. “मावळे असे रेंगाळत नव्हते,” असे आम्ही त्याला सर्वांदेखत म्हणालो. पुढच्या ओढ्यावर मोजदाद केली, तर दोघे कमी. आम्ही धावत मागे गेलो. तो मुलगा दगडावर बसला होता. बूट काढला, तर टाचेची कातडी सोलून निघालेली. आमच्या बोलण्यानंतर त्याने कोणाला काही सांगितलेच नव्हते. शेजारी, त्याची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन, आमच्यातली एक मुलगी बसली होती. तिची आई कन्नड, वडील मराठी. “हाक का मारली नाहीस?” असे विचारता ती म्हणाली, “तुम्हांला पुढं जायची घाई होती. कुणीतरी मागे थांबायला हवं ना?”

आम्ही निरुत्तर झालो. बाजीप्रभूंवर द्यावयाचे भाषण खिशात तसेच राहिले.

जवळच्या वाडीतील एका आजीबाईंनी ऊन पाणी दिले, जखमेवर हळद लावली. “लई लांबनं आलासा की रं,” एवढेच म्हणाल्या. गाव, जात, भाषा काही विचारले नाही. खिंडीत पोचलो तेव्हा सायंकाळ झाली होती. पुढे गेलेली मुले दोघांना आणण्यासाठी उलट चढून आली होती. त्यांत बसमध्ये प्रश्न विचारणाराही होता. त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, आणि आम्हीही उत्तर दिले नाही. परतीच्या वाटेवर मात्र रांगेच्या शेवटी चालण्याचे काम त्याने आपणहून मागून घेतले.

यापुढे आम्ही दोन नियम केले आहेत. दर विश्रांतीला प्रत्येकाचे पाय पाहावयाचे, आणि चालीचा वेग सर्वांत मागच्याने ठरवावयाचा.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांत या मंडळाने नाटके केली, गणेशोत्सव केले. कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गुंडाळणारे, नव्याने आलेल्या कुटुंबाला खोली शोधून देणारे कितीतरी हात होऊन गेले. त्यांतील बहुतेकांची नावे या स्मरणिकेत सापडणार नाहीत. ते मागे थांबले, म्हणून आपण येथवर आलो. मुलांना दाखवावयाचा इतिहास इतका जवळही आहे. मागे थांबण्याची पाळी आता आपली आहे.

जय महाराष्ट्र! जय कर्नाटक!