खरपूस म्हणजे किती खरपूस?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आजचा विषय आपल्या कढईतला आहे. भेसळ करणाऱ्याला पकडता येतं. पण जो घातक पदार्थ कुणी घातलेलाच नाही, तळता-भाजताना आपोआप तयार झाला, त्याला कायदा कसा आवरणार?

या पदार्थाचं नाव ॲक्रिलामाइड. तो अन्नात असल्याचा शोध लागला तो एका बोगद्यामुळे. १९९७ साली दक्षिण स्वीडनमध्ये रेल्वेच्या बोगद्याची गळती बुजवायला वापरलेल्या रसायनातून तो पाण्यात उतरला. मासे मेले, गायींना चालता येईना. कामगारांचं रक्त तपासलं. तुलनेसाठी बोगद्याशी संबंध नसलेल्या लोकांचंही तपासलं, तर त्यांच्या रक्तातही त्याच्या खुणा! मग हा आला कुठून? शोध ताटापर्यंत पोहोचला आणि एप्रिल २००२ मध्ये स्वीडनने जाहीर केलं, की तो तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत तयार होतो.

बटाट्यात आणि धान्यात ॲस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल असतं. साधारण १२० अंशांच्या वर, ओलावा कमी झाला की, त्याचा साखरेशी संयोग होतो. रंग आणि खमंग वास येतो त्याच वेळी ॲक्रिलामाइडही तयार होतं. उकडीच्या मोदकात, इडलीत ही अडचण जवळजवळ नाही, कारण वाफ शंभराच्या आसपासच राहते.

घाबरवायला मी आलेलो नाही. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला ‘माणसात बहुधा कॅन्सरकारक’ या गटात टाकलं, ते मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून. आहारातल्या प्रमाणाबाबत माणसांमधला पुरावा अजून पक्का नाही. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं, की वजनाच्या मानाने तो सर्वांत जास्त मुलांच्या पोटात जातो. वेफर्सचं पाकीट कुणाच्या हातात असतं, ते आपण जाणतोच!

आता कायद्याकडे येऊ. कॅलिफोर्नियात इशारा छापायचा नियम होता. तिथे कॉफीवरही इशारा हवा का, यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली आणि शेवटी २०१९ मध्ये राज्यानेच कॉफीला सूट दिली. सगळ्याच गोष्टींवर पाटी लागली, तर पाटी वाचणार कोण?

युरोपने दुसरी वाट धरली. एप्रिल २०१८ पासून तिथे कारखान्यांना आणि हॉटेलांना तळण्याची पद्धतच सुधारावी लागते: कमी साखरेचा बटाटा निवडा, काप धुवा, तेल १७५ अंशांच्या खाली ठेवा. वेफर्ससाठी किलोला ७५० मायक्रोग्रॅम हा मानदंड आहे. तो ओलांडला की लगेच बंदी येत नाही, पण पद्धत तपासून सुधारावी लागते. मला ही वाट शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे तळणाच्या तेलाचा नियम आहे. तो ॲक्रिलामाइडचा नाही, पण कढईशीच संबंधित आहे. पुन्हा पुन्हा तापवून तेल खराब झालं की त्यातले ‘पोलर’ घटक वाढतात. १ जुलै २०१८ पासून ते २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरता येत नाही. अशा वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याची सरकारी योजनाही आहे.

पण घरच्या गॅसपाशी इन्स्पेक्टर येणार नाही. तिथे नियम आपलाच. बटाट्याचे काप अर्धा तास पाण्यात ठेवा, निथळून, पुसून मग तळा. रंग सोनेरी झाला की झारा उचला, तपकिरी होईपर्यंत थांबू नका. करपलेला भाग खाऊ नका. ‘टाकायचं कशाला’ म्हणून तो घरातल्या बाईनेच खायचा, ही रीतही आता मोडू या!

कमिटीला एक विनंती. गणपतीत, कोजागिरीला केटरर ठरवताना भावाबरोबर दोन अटी लिहून घ्या: तेल ताजं हवं, आणि उरलेलं तेल पुढच्या ऑर्डरला जाणार नाही. आपली पोरंच त्या पंगतीत पहिली बसतात.

खरपूस जरूर खा, फक्त सोनेरीवर थांबा.