नकाशा गावाचा, निर्णय ग्रामसभेचा

सहभागी नकाशांकनात परिसराचा नकाशा तिथले रहिवासीच तयार करतात. आधी जमिनीवर रांगोळीने किंवा कागदावर पाणवठे, देवराई, चराईची राने, मोहाची झाडे दाखवली जातात. मग शिवारफेरीत जीपीएसने त्यांची नोंद करून ती उपग्रहचित्रावर बसवतात. परिसरशास्त्रज्ञ या नकाशाला झाडांची घनता, नवी रोपे, मातीची धूप यांच्या मोजणीची जोड देतात. त्यावरून तोड कुठे थांबवायची, बांबू किती काढायचा, हे ग्रामसभेला ठरवता येते. २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्यांची पडताळणी आणि नकाशा करण्याची जबाबदारी ग्रामसभेकडेच आहे. याच कायद्याखाली २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगलालगतच्या प्रत्येक ग्रामसभेने असा नकाशा करावा आणि तो वेळोवेळी अद्ययावत ठेवावा.